उत्तर मागच्या बाजूला

सोमवार, ४ मार्च

मिस्त्री, वहिनीचा नमस्कार घ्या.

इकडे आम्ही सासू-सून ठीक आहोत. सासूबाईंचे गुडघे आणि माझी जीभ पहिल्यासारखीच आहे, म्हणजे एक चालत नाही आणि एक थांबत नाही. तुमची खुशाली विचारणार होते, पण तुम्ही सांगणार नाही. म्हणून मीच धरून चालते की तुम्ही बरे आहात, पाठ दुखते आणि दाढी वाढवली आहे. चुकलं असेल तर कळवा.

फोन तुम्ही उचलत नाही म्हणून पत्र लिहिते. फोन वाजू द्याल, पण पोस्टमनला काय कराल? आणि अक्षर लागत नाही म्हणून सुटका नाही. गावच्या शाळेत सातवीपर्यंत मास्तरांनी छड्या देऊन माझ्याकडून गिरवून घेतलंय.

आता बातमी. पिवळी उभी राहिली.

विमान असून शेतात उतरली तेव्हापासून आठ महिने मागच्या शेडमध्ये ताडपत्रीखाली पडून होती बिचारी. नवा पंखा आला, नवं चाक आलं, रंगाऱ्याने असा रंग फासलाय की बघताना डोळे मिटावे लागतात. सीट मीच परत शिवली. मागच्या महिन्यात जमिनीवरच सुरू करून बघायला काढली. कप्तान चढला, पट्टा बांधला, आणि रेडिओवर बोलायचं बटण दाबलं मात्र, पेट्रोलचा काटा टुणकन उठला आणि ‘भरलेली’वर जाऊन बसला! टाकीत पेट्रोल अर्धंच. बटण सोडलं की काटा जरा खाली यायचा, दाबलं की वर. कप्तान जो उतरला तो थेट गेटपर्यंत चालत गेला. खांद्याचं हाड जुळून आलंय त्याचं, पण तो काटा हलला की अजून ठणकतं म्हणतो.

तुमच्या जागी एक बाई आलीय. तिशीची असेल. गळ्यात मीटर अडकवून फिरते, जेवतानासुद्धा काढत नाही, म्हणून मी तिला मीटरबाई म्हणते. आधी रागच आला मला तिचा. म्हटलं, माणूस जाऊन खुर्ची गार झाली नाही आणि ही येऊन बसली. पण काम जाणते. तुमच्यासारखीच काट्याकडे बघत तासभर बसते. फरक एवढाच की बसल्या बसल्या बोलते. तुमच्या तोंडातून दिवसाला अर्धा शब्द पडायचा. आमचे हे जाऊन चार वर्षं झाली, पण मला त्यांचं ऐकू आलं, ‘बघ, तुझा अर्धाशब्द गेला आणि रेडिओ स्टेशन आलं!’

तिने आधी इंजिन बंद ठेवून बटण दाबलं. काटा उठलाच. म्हणजे दोष इंजिनाकडचा नाही. मग छपरावरची अँटेना सोडवून त्या जागी एक डबी लावली. ही डबी म्हणे रेडिओचं बोलणं गिळते, बाहेर जाऊ देत नाही. परत बटण दाबलं. काटा जागचा हलला नाही. मला म्हणाली, ‘वहिनी, कळलं? अँटेनातून बाहेर जायचं बोलणं उलटं आत शिरतंय. काट्याची तार ते पकडते, आणि काट्याला वाटतं पेट्रोलच वाढलं.’

मी म्हटलं, ‘म्हणजे बोललं दुसऱ्याशी, ऐकलं तिसऱ्याने, आणि भलतंच समजून उठून बसला.’

‘अगदी तसंच,’ म्हणाली आणि हसली. मी पण हसले. मग नाही हसले.

एक विचारायचं होतं, सहज. काट्याच्या तारेचं एक टोक विमानाच्या पत्र्याला जोडतात ना, त्या जोडाला तुम्ही काय म्हणता? आमचे हे अर्थिंग-बिर्थिंग म्हणायचे तसं आठवतं. पण तुम्ही स्वतः काय म्हणता? आणि समजा घाईत लिहायचं झालं, तर काय लिहाल? तुमच्याच शब्दांत सांगा. शिवणवालीला कशाला हव्यात चौकशा म्हणाल, तर म्हणा. म्हातारपण जवळ आलं, जरा शहाणपण शिकावं म्हणते.

चौकशीवाले साहेब बावीस तारखेला येणार आहेत. शेवटची बैठक आहे. तुमचं लायसन परत द्यायचं की कायमचं काढून घ्यायचं, ते त्या दिवशी ठरणार. मालकांचं अजून तेच चाललंय, की विमान नादुरुस्त आहे असं मिस्त्रीने कुणाला सांगितलं नाही, आणि चिठ्ठी ठेवली म्हणतो ती कुणी बघितली नाही. तुम्ही जाताना एकदाच म्हणालात, ‘सीटवर ठेवली होती.’ दुसऱ्यांदा तोंड उघडलं नाहीत. माणसाने दोनदा म्हणावं हो. चारदा म्हणावं. टेबलावर हात आपटावा. तिकडे मिक्सर आणि पंखे दुरुस्त करत बसलाय म्हणे. वीस वर्षं ज्याने विमानाच्या तारा ओवल्या त्याने मिक्सर उघडून बसावं, हे काय बरं दिसतं का?

दोनदा उठून आले मध्येच. एकदा दूध बघायला आणि एकदा उगाच. हल्ली एका जागी बसवत नाही मला. मुंग्या असल्यासारखं होतं.

मी विचारलंय त्याचं उत्तर मात्र द्या. तेवढंच द्या.

वाट बघते आहे,
वहिनी

*

गुरुवार, १४ मार्च

मिस्त्री,

कार्ड मिळालं. सात ओळी. सहा विमानाच्या, सातवीत सासूबाईंना नमस्कार. माझी ओळ शोधत बसले, तर माझी कुठेच नाही. मग म्हटलं, ज्या बाईने विमानाचंच विचारलं तिला माणूस विमानाचंच सांगणार.

‘जोडाखालचा रंग खरवडून बघायला सांगा. पत्रा उघडा लागतो. आम्ही त्याला अर्थ म्हणतो. लिहितानाही अर्थ असंच लिहितो.’

हे वाचलं आणि कार्ड साखरेच्या डब्याखाली सरकवलं. मग काढलं. मग परत ठेवलं. तीन दिवस हाच उद्योग. सासूबाई म्हणाल्या, ‘कार्ड वाळत घातलंयस का? सारखी उलटतेस ती?’

तुमचं नाव न घेता तुमचा निरोप मीटरबाईच्या कानावर घातला. तिने जोड उघडला. नव्या पिवळ्याखाली जुना पिवळा, त्याच्याखाली कधीकाळचा पांढरा. तारेचं टोक पत्र्याला कधी टेकलंच नव्हतं, रंगावरच बसून होतं इतकी वर्षं. खरवडून चकचकीत केलं. अँटेनाच्या बुडाशीही तेच दुखणं निघालं, ते पण केलं. काट्याची तार मी रेडिओच्या तारेबरोबर एकाच जुडीत बांधली होती, छान दिसते म्हणून. ती सोडायला लावली. ‘ह्या दोघांना शेजारी झोपवायचं नाही,’ म्हणाली. वेगवेगळ्या बांधल्या आणि तारेत रेडिओचं बोलणं अडवणारे दोन काळे मणी ओवले. आता बटण दाबलं तरी काटा ढिम्म. कप्तानाने दहा वेळा दाबून बघितलं. पोरासारखा.

पिवळी बरी झाली. मला मात्र बरं वाटत नाही.

पहिल्या पत्रात एक लिहिलं नाही. मी सीटची शेवटची कड शिवत होते आणि मीटरबाई खाली आडवी पडून तारा चाचपत होती. खालून ओरडली, ‘वहिनी, ह्यात अर्थच नाही!’

मी म्हटलं, ‘कशात? नोकरीत की जगण्यात?’

‘अहो, ह्या तारेत! अर्थ लागलेलाच नाही. मग काटा काय, खोटंच बोलणार!’

सुई बोटात गेली माझ्या. रक्त आलं ते नव्या सीटला लागलं, अजून डाग आहे. मी खाली उतरले आणि शेडच्या मागे जाऊन उभी राहिले. कशाला ते मलाही कळेना.

तुम्हाला विचारलं ते म्हणून. मनात म्हणत होते, मिस्त्री लिहितील की नाही बुवा, आम्ही त्याला दुसरंच काहीतरी म्हणतो. तसं लिहिलं असतंत तर मी त्या दिवशी पोटभर जेवले असते.

बोलून टाकते. तुमची चिठ्ठी मला सापडली होती.

त्या दिवशी सगळ्यांच्या आधी मीच पिवळीत चढले, सीटची उसवलेली कड घालायला. सीटवर खाकी कागदाची घडी होती. वर तुमचं अक्षर, पेन्सिलीचं. ‘यात अर्थ नाही. सध्या पुढे नेऊ नये.’ मी वाचली, सुयांच्या डबीत घातली, कड शिवली आणि खाली उतरले. तासाभराने कप्तान पिवळीला घेऊन गेला. तुम्ही तोवर कामावर यायचे होतात.

का उचलली म्हणाल. तर मला वाटलं ती मला आहे.

असं का वाटलं ते आत्ता विचारू नका. वाटलं. अर्थ म्हणजे मला एकच अर्थ ठाऊक होता, तोच घेतला आणि तुमच्यावर इतकी चिडले की सकाळभर तुमच्याकडे बघितलं नाही. मग दुपारी बातमी आली की पिवळी पेट्रोल संपून शेतात उतरली.

तुम्ही मालकांच्या टेबलापाशी उभे राहून ‘सीटवर ठेवली होती’ म्हणालात, तेव्हा मी दारात होते. कपांचा ट्रे हातात होता. तेव्हा कळलं नाही का, असं तुम्ही विचारलंत तर, खरं सांगू? तार-बीर काही कळलं नव्हतं. पण सीटवर दुसरी चिठ्ठी नव्हती, एवढं तर मला माहीत होतं ना! मनाला म्हटलं, हा माणूस दुसऱ्या कुठल्यातरी चिठ्ठीचं बोलतोय. म्हटलं, मला ‘नाही’ म्हणून सांगितलं आणि आता तोच कागद वापरून सुटायला बघतोय. काय काय म्हटलं मनाला. मन ऐकतं हो, सांगाल ते ऐकतं. ट्रे ठेवला आणि बाहेर आले.

कारण चिठ्ठी दाखवायची तर ती उलगडावी लागली असती, आणि कागदाला दोन बाजू असतात.

तुम्ही गेलात त्या दिवशी तुमच्या हातात अवजारांचा डबा होता आणि तुम्ही मला म्हणालात, ‘येतो वहिनी.’ मी तुमची थट्टासुद्धा केली नाही. तेव्हाच ओळखायला हवं होतंत तुम्ही.

बावीस तारखेला आठ दिवस आहेत. कागद डबीत आहे. डबी उघडते, बंद करते, तिची जागा बदलते. कपाटात ठेवली की वाटतं उंबऱ्यावरून दिसेल. काल धान्याच्या कणग्यामागे ठेवली, तर सासूबाई विचारतात, ‘उंदराला लपवायला शिकवतेस का?’

शिव्या द्या मला. एका कार्डावर मावतील तेवढ्या द्या. बारीक अक्षरात लिहिल्यात तरी वाचेन.

वहिनी

*

शनिवार, २३ मार्च

मिस्त्री,

तुमचं कार्ड बुधवारी आलं. ह्या वेळी एकच ओळ. ‘तुम्हाला अडचण होत असेल तर राहू द्या.’

चार वर्षांत तुमचा इतका राग कधी आला नव्हता मला. राहू द्या म्हणे! माणसाचं लायसन चाललंय, नाव चाललंय, आणि हा मला म्हणतो राहू द्या. एक शिवी दिली असतीत तर मी रडून मोकळी झाले असते आणि कदाचित गप्पही बसले असते. तुमच्या त्या ओळीने मला बसूच दिलं नाही. भांडी घासली, घासलेली परत घासली, आणि गुरुवारी दुपारी सासूबाईंसमोर जाऊन बसले.

त्यांना अक्षर दिसत नाही, म्हणून डबीतला कागद मीच वाचून दाखवला. आधी तुमची बाजू, मग माझी.

मग म्हणाल्या, ‘त्यात माझं नाव आहे?’

‘हो.’

‘मला धरून विचारलंयस?’

‘धरूनच.’

‘मग एवढे महिने तोंड पाडून का बसलीस? मला वाटलं माझं करून करून कंटाळलीस.’

त्यांनी माझा हात चाचपून धरला आणि म्हणाल्या, ‘त्याला जाऊन किती वर्षं झाली ते मी मोजते. आई आहे, मला मोजलंच पाहिजे. तू नको मोजत बसूस.’ आणि लगेच आवाज चढवला, ‘पण कागदावर लिहायची काय गरज होती? एरवी जीभ कधी आवरत नाही, तेव्हाच बरी आवरली! जा, देऊन ये. त्या मुक्याची भाकरी अडवून बसलीस तू.’

काल गेले.

मालकांच्या खोलीत साहेब बसले होते. मालक, कप्तान, मीटरबाई. दारात रंगारी, त्याला काही काम नव्हतं. मी डबी टेबलावर उघडली. मालकांनी घडी उचलून वरचं वाचलं आणि म्हणाले, ‘यात अर्थ नाही, पुढे नेऊ नये. ह्यात विमान कुठे आहे? हे कशाबद्दलही असेल.’

मी म्हटलं, ‘मालक, मीही तेच समजले होते.’

मीटरबाई पुढे झाली. म्हणाली, ‘साहेब, अर्थ म्हणजे पत्र्याचा जोड. आमच्या कामात प्रत्येकजण असंच बोलतो. आणि शेडमधून धावपट्टीकडे काढणं म्हणजे पुढे नेणं. जो दोष मला ह्या महिन्यात सापडला तो ह्या माणसाने तेव्हाच पकडला होता. दोन वाक्यांत पूर्ण लिहिलाय.’ मग मालकांकडे वळून म्हणाली, ‘दुरुस्तीची वही संध्याकाळी तुमच्या खोलीत कुलपात असते. त्याने लिहायचं कुठे?’

साहेबांनी विचारलं, ‘बाई, ही आठ महिने तुमच्याकडे का?’

म्हटलं, ‘उलगडा.’

त्यांनी उलगडली. एकट्याने वाचली असती तर चाललं असतं. पण म्हणाले, कागद दाखल करायचा तर दोन्ही बाजू सगळ्यांसमोर वाचल्या पाहिजेत, आणि मालकांकडे दिला. येत्या मंगळवारी तुम्हाला साहेबांपुढे यायचंय, तेव्हा त्यांच्या टेबलावर पहिल्यांदा वाचावं लागू नये म्हणून इथे उतरवते. जसंच्या तसं.

‘मिस्त्री, तुम्ही तुमच्या खोलीत एकटे चहा पिता. आमच्याकडे आम्ही दोघी पितो. तीन कपांचं आधण एकाच भांड्यात ठेवायचं का? सासूबाईंना धरून विचारतेय. थट्टा नाही. उत्तर मागच्या बाजूला लिहा, तोंडाने तुमच्याच्याने व्हायचं नाही.’

आता तुम्हाला कळलं असेल. सीटचे नमुने कापून उरलेले खाकी तुकडे घडी करून तुमच्या डब्यात मीच ठेवायची. तुम्ही वरचा उचलायचात आणि घडीवरच लिहायचात. उघडणार कशाला? कोरेच असायचे. आदल्या संध्याकाळी वरच्या घडीच्या आत मी हे लिहिलं आणि रोजच्यासारखीच घडी घातली, कुणाच्या लक्षात येऊ नये म्हणून. तुमच्याही आलं नाही. इतकी चांगली घडी घातली मी. आणि सकाळी माझाच कागद, मी सांगितलेल्याच बाजूला तुमचं अक्षर, आणि मी जिथे शिवायला बसणार त्याच सीटवर. दुसऱ्या कुणी काय समजावं?

मालक वाचताना ‘आधण’वर अडकले. घसा खाकरला. माझे कान पेटले होते, आणि तोंड आपलं काम करतच होतं. म्हटलं, ‘जरा मोठ्याने मालक, रंगाऱ्याला ऐकू येत नाहीये.’ रंगारी तिथून जो पळाला! मीटरबाईने तोंडावर हात घेतला. साहेब नाही हसले. म्हणाले, ‘खोटा पुरावा करणारा माणूस स्वतःचं असं हसं करून घेत नाही,’ आणि कागदावर सही केली.

मी कप्तानाला म्हटलं, ‘तुमचं हाड माझ्यामुळे मोडलं.’ तो बुटांकडे बघत होता. म्हणाला, ‘अर्धं तुमच्यामुळे, वहिनी. उडायच्या आधी टाकीत कांडी बुडवून बघायची असते. मी काट्यावर भागवलं.’ आठ महिन्यांत पहिल्यांदा बोलला हे. साहेबांनी तेही लिहून घेतलं.

माझंही लिहून घेतलं. चिठ्ठी लपवली म्हणून निकाल लागेपर्यंत शेडमध्ये पाय ठेवायचा नाही. कात्री, दोरा, मेणाचा गोळा, सगळं मीटरबाईकडे देऊन आले. बरोबर आहे. मला तक्रार नाही. फक्त हातांना समजत नाहीये. सकाळपासून सासूबाईंची चांगली उशी उसवून परत शिवली.

तुम्हाला मंगळवारी बोलावलंय, अक्षर ओळखायला. साहेबांचं पत्र येईलच. या म्हणजे याच. ‘राहू द्या’ म्हणालात तर मी तिकडे येऊन तुमच्या दुकानासमोर आरडाओरडा करेन, आणि माझा आवाज तुम्हाला माहीत आहे. लायसन मिळेल असं मीटरबाई म्हणते. तिला दुसऱ्या गावी जागा मिळतेय, तुमची खुर्ची धरून ठेवणार नाही म्हणाली.

आणि आतल्या बाजूचं म्हणाल तर, त्याला उत्तर द्यायचं नाही. हे थट्टेत नाही सांगत. ज्या बाईने आठ महिने तुमचं खरं डबीत बंद करून ठेवलं, तिला काय उत्तर द्यायचं असतं? हो म्हणालात तर मला वाटेल उपकार करताय. नाही म्हणालात तर, ते एकदा ऐकून झालंय माझं. तुम्ही म्हटलं नव्हतंत, तरी मी ऐकलंय, आठ महिने रोज ऐकलंय.

मंगळवारी साहेब कागद पुढे करतील आणि विचारतील, हे अक्षर तुमचं का? मी तिथे नसेन. तुम्ही नेहमीसारखी मान हलवू नका, ते लिहून घेता येत नाही. तोंडाने हो म्हणा. तेवढं एक हो मला पुरे आहे.

खाली वहिनी लिहिणार होते. आज नाही लिहवत.

मी